एकच रेघ

मंगळवारी आमच्या किनाऱ्यावर कुणी समुद्रात जात नाही.
तो दिवस समुद्राचा. फांटी लोकांचा जुना रिवाज.
होड्या वाळूत कुशीवर झोपतात,
अंगावर रंगवलेली वचनं : 'सबुरी', 'देव बघतो',
एकीवर नुसतंच 'मग?'

अशाच एका मंगळवारी, उजाडायच्या आधी,
ठाण्याच्या डायरीत मी लिहिलं :
'२ वाजून ४० मिनिटं. आरोपी एबो
कोठडीत पाय घसरून पडला.'
हार्मटानचे दिवस. वाऱ्यावर वाळवंट आलेलं.
ओठ फुटलेले, नळ कोरडे,
घसरायला अख्ख्या घानात
थेंब नव्हता.
पण सार्जंट अमिसा म्हणाला, लिही,
आणि माझं अक्षर चांगलं होतं.

अधीक्षक अराबा क्वान्सा सहाला आल्या.
आधी पोराला स्वतःच्या जीपमधून दवाखान्यात धाडलं,
मग डायरी वाचली.
ओरडल्या नाहीत. ओरडणं आम्हाला चाललं असतं,
ओरडणाऱ्या साहेबांची सवय होती;
ओरडून झालं की ते सही करतात.
या बूट काढून कोठडीत गेल्या,
वाकून फरशीवरून तळहात फिरवला
आणि तो माझ्यासमोर धरला.
धूळ.

मी पान फाडायला घेतलं. ती माझ्या परीने शरमच होती.
त्यांनी मनगट धरलं.
'फाडायचं नाही. गिरवून काळंही करायचं नाही.
एकच रेघ मार. खालचं वाचता आलं पाहिजे.
आपण काय लिहिलं होतं, तेही लोकांच्याच मालकीचं.'

रेघ वाकडी आली.
तिच्याखाली मी लिहिलं : दंडुका अमिसाचा,
दारात उभा मी. किती वेळा?
'चार' लिहिलं. थांबलो.
त्यावर रेघ मारून 'सहा' लिहिलं.
मग त्यांनी पेन घेतलं :
'हे ठाणं माझ्या ताब्यात आहे. हे माझ्या अंमलात घडलं.'
आणि सही. ती सही तोवर मी
फक्त रजेच्या अर्जांवर पाहिली होती.

जिल्ह्याहून फोन आला.
दाराबाहेर मला एवढंच ऐकू आलं :
'हो सर.
नाही सर.
पान जागेवर आहे सर.'

दुपारी आम्ही किनाऱ्यावर गेलो.
एबोची आई भट्टीवर मासे धुरवत होती.
मॅडमनी टोपी काखेत घेतली, बुटक्या स्टुलावर बसल्या.
वारा फिरला, धूर सरळ त्यांच्या डोळ्यांत;
त्यांनी जागा बदलली नाही.
'तुमच्या मुलाला आम्ही मारहाण केली.
दोन बरगड्या मोडल्यात. शुद्धीवर आहे.'
'आम्ही' म्हणाल्या.
त्या रात्री त्या पंधरा मैलांवर
आपल्या घरी झोपलेल्या होत्या.

बाईने जाळीवरचे मासे एकेक करून उलटले.
सगळे. शेवटचा उलटेपर्यंत बोलली नाही.
मग माझ्याकडे बघून विचारलं, 'जेवला होता का?'

डायरीत त्याची नोंद नव्हती.

सहा महिन्यांनी मॅडमची बदली झाली,
उत्तरेला, जिथे समुद्र नाही.
हार नाही, भाषण नाही;
ड्रायव्हरने एक ट्रंक आणि शिलाई मशीन चढवलं, बस.
अमिसा तुरुंगातून सुटला, टायरचं दुकान चालवतो.
पंक्चर काढून देतो, ओळख देत नाही.
माझी बढती तीन वर्षं अडकली.
मी अर्ज केला नाही.

आता सार्जंट मीच. नवी पोरं येतात,
एखाद्याचं अक्षर छान असतं, त्याला टेबलावर बसवतात,
आणि पहिल्याच आठवड्यात तो व्हाइटनर मागतो.
मी कपाटातून जुनी डायरी काढतो,
ते पान उघडून त्याच्यापुढे ठेवतो.
शाई अजून उडालेली नाही.
रेघेखाली स्वच्छ वाचता येतं, 'पाय घसरून पडला'.

कुणी लिहिलं, ते मी सांगत नाही.
पोरगा एकदा पानाकडे बघतो,
एकदा फळ्यावर मी लिहिलेल्या
आजच्या पाळ्यांकडे.